मे म्हणजे मर्जी

४ फेब्रुवारी

दादा,

पोहोचलो. म्हणजे मी चालत पोहोचले आणि यांना उचलून पोहोचवलं. स्ट्रेचरवर घ्यायला चार जण लागले, तर धापा टाकत मला म्हणतात कसे, "बघ, एवढा जावई असून तुमच्या घरी मला कुणी इतकं उचलून धरलं नाही." दादाला नक्की कळव म्हणाले, म्हणून लिहिलं.

दवाखाना केवढा तरी मोठा आहे. जमिनीवर रंगीत पट्ट्या आखल्यात. हिरव्या पट्टीवरून चालत राहिलं की छातीच्या वॉर्डात पोहोचतो. जन्मभर काचेच्या कारखान्यात उभं राहून जी धूळ आत गेली ती आता फुफ्फुसांत घर करून बसलीय, एवढं आपल्याकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. इथले डॉक्टर काय सांगतात ते देवाला ठाऊक, कारण सगळा कारभार इंग्रजीत. ते बोलतात, मी मान हलवते. परवा एकानं काहीतरी विचारलं, मी आपलं हसून 'येस' म्हटलं. यांना दूध सोसत नाही का, असं विचारत होता म्हणे. दोन दिवस बिचारे काळा चहा पीत होते आणि मला वाटत होतं, शहरात असाच पितात!

वॉर्डात एक मोठी नर्स आहे. छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं असतं. भेटीची वेळ संपली की त्या घड्याळाकडे बघते आणि आम्हा सगळ्यांना कोंबड्यांसारखं बाहेर काढते. मी तिचं नाव घड्याळबाई ठेवलंय.

माझी सोय झालीय. दवाखान्यामागच्या गल्लीत लॉंड्री आहे, तिच्या पोटमाळ्यावर खोली मिळाली आणि खाली काम. दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करते. संध्याकाळची पाळी. खिडकी उघडली की बाहेरची हवा यायच्या आधी खालची वाफ आत येते. फोन आहे, पण तो मालकिणीच्या टेबलावर आणि मालकीण टेबलाला चिकटलेली, म्हणून पत्रच.

यांचं बरं होणार, मला माहीत आहे. कसं माहीत ते विचारू नकोस. तुझं शाळेचं बघून, जमलं तर ये. नाहीतर निदान थोडं इंग्रजी पाठव.

तुझी
ठकी


११ फेब्रुवारी

प्रिय ठके,

भावजींना सांग, जावयाला उचलून धरलं नाही हे खरं, पण डोक्यावर बसवून घेतलं होतं, ते विसरू नका.

येण्याचं म्हणशील तर आत्ता जमेलसं दिसत नाही. परीक्षा तोंडावर आल्यात आणि शेवटचा वर्ग माझ्या गळ्यात आहे. त्यातली अर्धी मुलं म्हणजे पालथे घडे. तूही 'जमलं तर' असं लिहिलंयस, तेव्हा निकड नसावी असं धरतो. तुझी वहिनी म्हणत होती जाऊन या, पण तिला शाळेतलं काय कळतंय.

आता इंग्रजी. तू सगळं शिकायला जाऊ नकोस, या वयात नुसतं डोकं दुखेल. डॉक्टर लांबलचक बोलेल, त्यातले आजारांचे शब्द सोडून दे, ते त्यालाही नीट उच्चारता येत नसतील. मधला एक छोटा शब्द पकड. आपल्या भाषेत असं बघ, क्रियापदाला शेपूट असतं. येईल, यावं, येता येईल, यायला हवं, आलंच पाहिजे. 'ये' तोच, शेपूट हललं की अर्थ हलतो. इंग्रजीत हे शेपूट कापून क्रियापदाच्या पुढे उभं करतात. ती शेपटं आठच आहेत, पाठ कर.

कॅन म्हणजे जमतं. 'आय कॅन आयर्न', मला इस्त्री करता येते. कुड म्हणजे जमायचं, पूर्वी. विल म्हणजे होणार, ठाम. वुड म्हणजे झालं असतं, पण काहीतरी आडवं आलं. शुड म्हणजे केलेलं बरं, वडीलधारी बोलतात तसं. मस्ट म्हणजे सुटका नाही. माइट म्हणजे होईलही, आपण कोण सांगणार. आणि मे. मे म्हणजे मर्जी. 'यू मे सिट' म्हटलं तर बसलीस तरी चालेल, नाही बसलीस तरी कुणी रागावणार नाही.

नुसतं पाठ करून होत नाही. आमच्या पुस्तकात एक स्वाध्याय आहे, तोच तुला देतो. 'श्रद्धा आणि कष्ट' यावर एक छोटी गोष्ट लिही, आणि हे आठही शब्द त्यात आले पाहिजेत. बाकी गोष्ट आपल्या भाषेत लिहिलीस तरी मास्तर मार्क कापणार नाहीत.

तुझा
दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्याइतकं कुणाला जमत नाही! पण शेळी हुशार निघाली. काल घड्याळबाई म्हणाली, "यू मस्ट नॉट सिट ऑन द बेड." मी मस्ट ऐकलं आणि स्प्रिंग लावल्यासारखी उठले. तिलाही आश्चर्य वाटलं. इतके दिवस ती सांगायची आणि मी हसून तिथंच बसायचे.

डॉक्टरांशी मात्र वाजलं. ते म्हणाले, "ही माइट इम्प्रूव्ह." मी म्हटलं, "नो माइट. विल." ते हसले, पण डोळ्यांनी नाही हसले. हे पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, भाजीबाजार आहे का हा, घासाघीस करायला?" मी म्हटलं, करेन. माइटवर मी नाही उठणार इथून.

तू हसशील, पण मला खरंच वाटतं की हे बरे होणार. रोज हिरव्या पट्टीवर पाऊल ठेवते तेव्हा मनात म्हणते, विल. परत येताना पुन्हा म्हणते. हात भाजला, पाय सुजले, खोलीत वाफेनं उशीसुद्धा ओली होते, पण ते एक वाक्य कोरडं ठेवलंय.

आता तुझा स्वाध्याय. नीट वाच, लगेच लाल पेन उचलू नकोस.

एक विहीर खणणारा होता. त्याला फक्त खणता कॅन. पूर्वी त्याला गाताही कुड, पण आत धूळ जाऊन जाऊन गळा गेला. एका कोरड्या गावाला पाणी मस्ट होतं. शहाणे लोक म्हणाले, या खडकात पाणी लागेल माइट. खणणारा म्हणाला, विल. त्याची बायको वर काठावर दोर धरून बसायची. त्यांची खूण ठरलेली होती. दोराला एक हिसका म्हणजे माती वर ओढ. दोन हिसके म्हणजे मला वर ओढ. आत इतका अंधार की ती त्याला बघू नाही कॅन, पण हातातला दोर जिवंत होता. लोक म्हणाले, बाई, तू घरी जायला शुड. ती म्हणाली, मी उठले तर त्याचा हिसका कोण ओळखणार?

पुढची नंतर लिहिते, चादरी आल्या. मे आणि वुड राहिलेत, माहीत आहे.

यांना गोष्ट वाचून दाखवली. म्हणाले, "खणणाऱ्याला जरा देखणा कर."

तुझी
ठकी


२६ फेब्रुवारी

प्रिय ठके,

गोष्ट बरी जमलीय. शब्द कुठेही खुपसलेस, पण अर्थाला धक्का नाही, म्हणजे पास. वर्गात वाचून दाखवायचा मोह झाला, पण 'खणता कॅन' ऐकून पोरं माझंच इंग्रजी विचारतील.

एक चूक मात्र सोडत नाही. पाणी लागायचं बाकी असताना 'विल' म्हणता येत नाही. तिथं फार तर 'मे' किंवा 'माइट' येईल. तुझी श्रद्धा तुझ्यापाशी, तिला माझा नमस्कार, पण व्याकरण डॉक्टरांच्या बाजूनं आहे. त्यांचं शेपूट तू बदलू नकोस, ते जे म्हणतात तेच ऐकत जा. माणूस त्यानं कमी फसतो.

आणि घड्याळबाईला एवढी घाबरत जाऊ नकोस. सोपा नियम सांगतो. मस्टला धाव, मेला निवांत. (मे या शब्दाला, या अर्थी. नाहीतर म्हणशील, दादा शिव्या द्यायला लागला!) मस्ट ऐकलंस की हातातलं टाकून उठ. मे ऐकलंस की तुझी मर्जी, मुळीच धावपळ करायची नाही. इतका सभ्य आणि निरुपद्रवी शब्द साऱ्या इंग्रजीत दुसरा नाही.

याच्या पुढचं, म्हणजे 'शुड हॅव', 'कुड हॅव', ते वरच्या वर्गाचं आहे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसलं ते व्याकरण. तुला लागायचं नाही.

भावजींना म्हणावं, खणणारा देखणा असता तर विहीर खणायला कशाला गेला असता?

परीक्षा अजून आटोपल्या नाहीत.

दादा


६ मार्च

दादा,

आज तुझी शेळी पहिल्या नंबरानं पास झाली. इस्त्री तापायला ठेवलीय, तेवढ्यात लिहिते, कारण कधी एकदा तुला सांगते असं झालंय.

आज भेटीची वेळ संपली. बाकीचे उठले, मीही उठले. तर घड्याळबाई माझ्याजवळ आली. घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "यू मे स्टे विथ हिम टुनाइट."

एकही शब्द सुटला नाही, दादा! मे पकडला. मर्जी! आज रात्री थांबलीस तरी चालेल. ज्या बाईनं मला एक मिनिट जास्त दिलं नाही ती स्वतःहून थांब म्हणते, म्हणजे नियम सैल झाला, म्हणजे हे सुधारतायत. नाहीतर इतक्या कडक माणसाचं मन कशानं वितळेल? मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

पण मी शहाणपणानं वागले. मालकिणीनं मला एकदाच सुट्टी देऊ केलीय, कधी घ्यायची ते माझं मी ठरवायचं. ती मी यांना घरी न्यायच्या दिवसासाठी राखून ठेवलीय. बरं वाटत असताना उगाच कशाला खर्चायची? म्हणून मी घड्याळबाईला तोंडावर इंग्रजी वाक्य टाकलं, "थँक यू. आय मस्ट गो. टुमॉरो आय विल कम." एका दमात दोन शेपटं!

ती माझा हात धरून तेच वाक्य हळूहळू पुन्हा म्हणाली. तिला वाटलं असेल मला कळलं नाही. मी हसून म्हटलं, "येस, मे. आय नो मे."

हे आज जरा दमलेले दिसले. बोलले नाहीत फारसे. निघताना माझ्या पिशवीचा बंद हातात धरून ठेवला होता. मी म्हटलं, पाळी चुकेल, उद्या येते की. बोटं सोडवून हात पांघरुणात ठेवला. गार लागत होता, म्हणून नीट झाकला.

पाळी संपेपर्यंत दवाखान्याचं दार बंद होतं, नाहीतर नंतर डोकावले असते. असो. उद्या लवकर जाईन.

गोष्टीचं पुढचं वाक्य यांच्यासमोरच सुचलं. एक दिवस वर आलेल्या मातीला ओल होती. बायकोनं ती मूठ नाकाशी धरली आणि म्हणाली, आता तुझं 'विल' व्याकरणातही बसेल.

तुझी पहिल्या नंबराची
ठकी


१३ मार्च

ठके,

तुझं पत्र आज शाळेत मिळालं. वर्गातच उघडलं. पोरांना लिहायला लावून हे लिहितोय.

तू त्या रात्री गेली असशील ना परत? काहीतरी करून गेली असशील. मालकिणीनं पाठवलं असेल, नाहीतर घड्याळबाईनं कुणाला तरी बोलवायला धाडलं असेल. मी तसंच धरून चाललोय.

तुला एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातली माणसं नियम दोनदाच सैल करतात. एकदा माणूस घरी निघाला की. दुसऱ्यांदा कधी, ते वाक्य मी पुरं करत नाही. तू वाक्य बरोबर ऐकलंस. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मीच तुला शिकवलेलं आणि तू तसंच केलंस.

यापुढे ती काहीही म्हणाली तरी थांब. मे म्हणाली तरी थांब, माइट म्हणाली तरी थांब. काम गेलं तर जाऊ दे. लॉंड्रीचा नंबर तू कधी लिहिला नाहीस, आणि मीही कधी मागितला नाही.

लगेच लिही. काहीही असलं तरी लिही.

दादा


२० मार्च

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा इथं सगळं आटोपून आठवडा उलटून गेला होता. तुला आधी कळवायला हवं होतं. दोनदा कागद घेतला, पण पहिल्या नंबराचं पत्र टाकून आल्यावर दुसरं कोणत्या तोंडानं लिहायचं?

मी गेले नाही परत. तू धरून चालला होतास ते चुकलं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गेले. यांच्यासाठी बिस्किटं घेतली होती, दुधाची, आता चालतात म्हणून. हिरव्या पट्टीवर विल म्हणत गेले. तर खाट मोकळी आणि वर ताणून घातलेली चादर. ती चादर मी ओळखली, दादा. कोपरा आतल्या बाजूनं दुमडायची माझी एकटीची रीत आहे, मालकीण त्यावरून मला बोलतेसुद्धा. आदल्या संध्याकाळी हे इथं होते आणि मी गल्लीपलीकडे उभी राहून त्यांच्याच खाटेची पुढची चादर इस्त्री करत होते. तीच पाळी चुकू नये म्हणून मी उठून आले होते.

मला बोलवायला त्यांच्याकडे पत्ता नव्हता. दाखल करताना मी घरचा पत्ता लिहिला होता. इथं काय, चार दिवस राहायचंय, असं वाटलं होतं.

घड्याळबाईला विचारलं. आता मला येतं तेवढं विचारायला. म्हटलं, "व्हाय यू नॉट से मस्ट?" ती मला जिन्यात घेऊन बसली. म्हणाली, "वी कॅनॉट से मस्ट. वी कॅन ओन्ली से मे." कुणाच्या घरच्या माणसाला थांबच म्हणायचं म्हणजे तो जाणार हे सांगणं. ते त्यांना सांगायची परवानगी नाही, आणि तोंडही होत नाही. म्हणून त्या मे म्हणतात, आणि ऐकणारे समजतात. तिथले सगळे समजतात, दादा. ज्यांना इंग्रजी मुळीच येत नाही ते तर तिचा चेहरा बघूनच समजतात. मीही तेव्हा इंग्रजी शिकले नसते तर चेहरा बघितला असता. मी शब्द पकडत होते.

ती जिन्यात बराच वेळ बसली माझ्यापाशी. पहाटेपर्यंत होते म्हणाली. त्रास झाला नाही म्हणाली. एकदा काहीतरी चाचपत होते, तेव्हा तिनं आपला हात दिला. मी त्या पिशवीच्या बंदाकडे बघितलं. ती पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र काल काढलं. त्यात लिहिलंस, मेला निवांत. तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. यांनाही वाचून दाखवलं होतं, तेही हसले होते.

तुझ्यावर रागावले का, असं विचारशील. रागावले होते. दोन दिवस भांडले तुझ्याशी, इस्त्री करता करता, मोठ्यानं. मालकिणीला वाटलं मी गातेय. आता राग गेला. मला हेच कळत नाही की माझ्या त्या 'विल'नं मला एवढे दिवस उभं ठेवलं की त्यानंच माझे कान बंद केले. विश्वास नसता तर मी पहिल्या आठवड्यात कोसळले असते. आणि विश्वास होता म्हणून उठून आले.

तो वरच्या वर्गाचा धडा पाठव. लागायचा नाही म्हणाला होतास. लागला.

ठकी


२८ मार्च

प्रिय ठके,

तुझं पत्र वाचून वहिनी माझ्याशी बोललेली नाही. मला जेवण वाढते आणि आत जाते. तिनं बोलावं असं मी तरी काय केलंय?

तू मागितलास म्हणून धडा लिहितो. मला दुसरं काही येतही नाही.

'शुड' म्हणजे करायला हवं. त्याच्यापुढे 'हॅव' आलं की दार बंद. करायला हवं होतं आणि केलं नाही. 'कुड हॅव', करता आलं असतं आणि केलं नाही. 'माइट हॅव', कदाचित झालं असतं, आता कधीच कळणार नाही. 'मस्ट हॅव'मध्ये मस्टचा सगळा जोर निघून जातो आणि उरतो नुसता अंदाज. 'ही मस्ट हॅव वेटेड', त्यानं वाट बघितली असणार. हे उदाहरण मी खोडणार होतो. खोडलं नाही.

इतकी वर्षं मी हा धडा फळ्यावर शिकवला. पोरांना बैल गेला आणि झोपा केला सांगायचो, वर्ग हसायचा. शेवटच्या पेपराआधी उजळणीला घेतला आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मग त्यांना लवकर सोडलं.

मे म्हणजे मर्जी हा नियम चुकीचा नाही. पण कोण म्हणतंय, कुठं म्हणतंय, म्हणताना त्याचा हात कुठं आहे, हे नियमात नसतं. ते तुला सांगायला हवं होतं, ते मलाच माहीत नव्हतं. भावजींचा त्या संध्याकाळचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी तिथं नव्हतो, तरी हलत नाही.

तुझ्या गोष्टीत 'मे' आणि 'वुड' राहिलेत, 'मे' सोडून दे. जमेल तेव्हा पुरी कर, घाई नाही.

परीक्षा संपल्या. आता सुट्टीच आहे. तुला वाटलं तर आणि तिथं राहायची अडचण नसेल तर कळव, मी येईन.

दादा


५ एप्रिल

दादा,

धडा कळला. दोन वाक्यं करून पाठवते, तपास.

आय शुड हॅव स्टेड. हे माझं.

दुसरं तुझं आहे, ते तूच कर. शब्द मी सांगते. माझं पहिलं पत्र जपून ठेवलं असशील, तू रद्दीसुद्धा जपतोस. ते काढून शेवटच्या ओळी बघ. 'जमलं तर ये' असं लिहिलंय. तू लिहिलंस, तूच 'जमलं तर' म्हणालीस, तेव्हा निकड नसावी. मला त्यात कधी काही खटकलंसुद्धा नव्हतं. तुझं बरोबरच होतं, मीच मर्जी तुझ्यावर सोडली होती.

पण दादा, एका परक्या शहरात, भाषा येत नाही, नवरा स्ट्रेचरवर, अशी बाई आपल्या भावाला 'जमलं तर ये' लिहिते तेव्हा ती काय लिहिते? वहिनीला कळलं होतं. तिला व्याकरण येत नाही म्हणून कळलं. माझ्या पोटात नुसतं 'ये' होतं. त्याच्यावर मी पांघरूण घातलं, तुझी अडचण नको व्हायला, आपण भीक मागतोय असं नको दिसायला. तू पांघरूण वाचलंस. महिन्याभरानं घड्याळबाईनं तसंच पांघरूण घालून मला सांगितलं आणि मीही पांघरूणच वाचलं. एका घरातले ना आपण. तेव्हा सगळं माझ्या माथी किंवा सगळं तुझ्या माथी, असं नको करूस. निम्मं निम्मं घेऊ.

तू आला असतास तर हे वाचले असते असं नाही. पण तू वॉर्डात माझ्याऐवजी उभा राहिला असतास, आणि ती वाक्य बोलली असती तेव्हा कदाचित तिच्या तोंडाकडे बघितलं असतंस. हे तुझं 'माइट हॅव'. आता कधीच कळणार नाही.

गोष्ट पुरी केलीय. आधी असा शेवट लिहिला होता की दोराला दोन हिसके आले आणि तिला एकच कळला. तो चुलीत घातला. इथं चूल नाही, इस्त्रीच्या निखाऱ्यात घातला. मग दुसरा लिहिला.

ओली माती वर आली त्या दिवसापासून दोर हलेना. खणणारा दमला असेल, नाहीतर दोर ओढायला त्याला संकोच वाटत असेल. लोक म्हणाले, हिसका आला की ओढ, घाई काय आहे. पूर्वीची बायको असती तर ती बसून राहिली वुड. पण या बायकोनं हिसक्याची वाट बघितली नाही. ती काठावर पोटावर पडली, जेवढं वाकता येईल तेवढं वाकली, आणि त्या अंधारात तिनं हाक मारली. खाली पाणी होतं की नव्हतं, ते मला अजून माहीत नाही. तिनं हाक मारली, एवढंच माहीत आहे.

मालकिणीनं देऊ केलेली ती सुट्टी मी आता घेतलीय. यांचं सामान बांधायचं आहे. चष्मा, चपला, अर्धा पुडा बिस्किटं. दोन वेळा बसले आणि दोन वेळा उठले, एकटीनं होत नाही.

तुझ्या पत्रातलं 'तुला वाटलं तर' आणि 'अडचण नसेल तर' हे दोन्ही मी मालकिणीच्या लाल पेनानं खोडलंय. माझ्याही पत्रात या खेपेला तसलं काही नाही, नीट बघून घे.

दादा, ये.

ठकी